पुळी गेली म्हणून राहून गेलेली दाढ : रूट कॅनालनंतरच्या पुनर्संसर्गाचे एक प्रकरण

रुग्ण आणि तक्रार

वरच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेजवळ हिरडीवर पुळी येते, फुटते, तोंडाला खारट चव येते आणि आठ-दहा दिवसांत ती पुन्हा भरते, अशी तक्रार घेऊन ४३ वर्षांच्या एक शिक्षिका आमच्या दवाखान्यात आल्या. त्यांची ओळख पटेल असे तपशील मी येथे वगळले आहेत. दाढ दुखत नव्हती. घास चावताना ती थोडी जड वाटे, एवढेच. याच दाढेची रूट कॅनाल तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे झाली होती. त्या वेळचे दुखणे रात्रीची झोप उडवणारे होते आणि उपचारानंतर ते पूर्ण थांबले होते. कॅप बसवून घ्यायला तेव्हाच सांगितले गेले होते, पण त्याच महिन्यात मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. "दुखतच नव्हतं डॉक्टर, म्हणून राहून गेलं," असे त्या म्हणाल्या. या प्रकरणाचा बराचसा उलगडा या एका वाक्यात होता, हे माझ्या मात्र पुढे दोन महिन्यांनी नीट लक्षात आले.

पुळी आल्यावर त्यांनी ओळखीच्या मेडिकल दुकानातून वर्षभरात तीन वेळा प्रतिजैविकांच्या गोळ्या घेतल्या होत्या. प्रत्येक वेळी पुळी बसली आणि गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांत परतली. यात आश्चर्य काही नाही. ज्या दाताची नस काढलेली आहे, त्याच्या मुळातल्या नलिकेत रक्तपुरवठा उरलेला नसतो आणि गोळीतले औषध तर रक्तावाटेच पोचते. मुळाबाहेरच्या हाडातली सूज गोळ्यांनी ओसरते, नलिकेतले जिवाणू मात्र जागचे हलत नाहीत. म्हणून या रुग्णाला मी उपचाराच्या कोणत्याही टप्प्यावर प्रतिजैविके दिली नाहीत. ताप नव्हता, चेहऱ्यावर सूज नव्हती, पू बाहेर पडायला वाट होती. अशा स्थितीत त्यांची गरज नसते.

तपासणी

दाढेवर मोठी दातरंगी भरणी होती आणि तिची पुढच्या बाजूची कड तुटलेली होती. दोन दातांमधून धागा घातला तर तो तिथे अडकून विसकटत असे, आणि पोळी-भाजीचे कण रोज त्याच फटीत बसतात, असे बाईंनी स्वतःच सांगितले. दाढेवर ठोकून पाहिले असता किंचित दुखरेपणा होता. हिरडीची खोली दाढेच्या सभोवती मोजली; ती कोठेही ३ मिलिमीटरपेक्षा जास्त भरली नाही. हे माप फार महत्त्वाचे होते, कारण एकाच जागी अरुंद आणि खोल कप्पा सापडला असता तर मूळ उभे चिरल्याचा संशय घ्यावा लागला असता, आणि चिरलेल्या मुळावर पुन्हा रूट कॅनाल करून काही साधत नाही. पुढच्या आणि मागच्या दाढेला थंडाव्याची संवेदना व्यवस्थित होती, म्हणजे पू शेजारून येत नव्हता.

पुळीच्या तोंडातून गट्टापर्चाची (नलिका भरण्याच्या रबरासारख्या द्रव्याची) एक बारीक काडी हलकेच आत सरकवली आणि तशीच ठेवून एक्स-रे काढला. काडी वळण घेत थेट पुढच्या गालाकडील मुळाच्या टोकाशी जाऊन थांबली. त्या मुळाभोवती हाड विरळ झाल्याची काळसर छटा होती. टाळूकडील आणि मागच्या मुळाची टोके स्वच्छ होती. लहान क्षेत्राच्या सीबीसीटीमध्ये (त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये) ही पोकळी सुमारे ५ मिलिमीटर भरली आणि एक्स-रेमध्ये न दिसलेली गोष्टही दिसली. पुढच्या मुळातील भरलेली नलिका मुळाच्या मध्यावर नव्हती, एका अंगाला होती. एकच नलिका असेल तर ती साधारण मधोमध दिसते. ती सरकलेली दिसली की दुसरी कुठेतरी आहे असे समजून चालावे. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या या मुळात दुसरी नलिका निम्म्याहून अधिक वेळा असते, आणि ती न सापडणे हे या दाढेच्या रूट कॅनालच्या अपयशाचे नेहमीचे कारण आहे.

उरलेला संसर्ग की नव्याने शिरलेला?

आता माझ्यासमोर दोन स्पष्टीकरणे होती आणि दोन्ही तितकीच पटण्यासारखी होती. पहिल्या उपचारात न सापडलेल्या नलिकेत जिवाणू तेव्हापासूनच असतील, म्हणजे संसर्ग कधी पूर्ण गेलाच नव्हता. किंवा तुटलेल्या भरणीच्या फटीतून लाळेसोबत नवे जिवाणू वर्षभर आत झिरपत असतील. हा भेद केवळ पुस्तकी नाही. पहिले कारण खरे असेल तर सगळा भर नलिका शोधून स्वच्छ करण्यावर द्यायचा. दुसरे खरे असेल तर कितीही उत्तम नलिका भरली तरी वरचे झाकण ढिले राहिल्यास तेच दुखणे परत येणार.

मुळाच्या टोकाशी होणाऱ्या आजाराला जिवाणूच कारणीभूत असतात, याबद्दल आता शंका उरलेली नाही. १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांनी जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढा उघड्या करून ठेवल्या, तेव्हा अन्नाचे कण आत अडकूनही नस जिवंत राहिली आणि वर कठीण थराचा पूल बांधला गेला. साध्या उंदरांमध्ये मात्र नस मेली आणि गळू झाले. स्वीडनमध्ये शोग्रेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एकाच बैठकीत पूर्ण केलेल्या ५३ दातांचा पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. नलिका भरण्याच्या क्षणी ज्यांच्यात जिवाणू वाढवता आले नाहीत, त्यांपैकी ९४ टक्के दात पूर्ण बरे झाले. ज्यांच्यात जिवाणू सापडले, त्यांपैकी ६८ टक्के.

वरच्या झाकणाविषयीचा पुरावा थोडा वादाचा आहे आणि तो वाद मला मोलाचा वाटतो. १९९५ मध्ये रे आणि ट्रोप यांनी रूट कॅनाल झालेल्या १०१० दातांचे एक्स-रे तपासले. नलिका आणि वरची भरणी दोन्ही चांगल्या असलेल्या दातांपैकी ९१ टक्क्यांच्या आसपास दातांच्या मुळाशी काही विकृती नव्हती; दोन्ही वाईट असतील तर हे प्रमाण १८ टक्क्यांवर येत होते. नलिका चांगली पण वरची भरणी वाईट असलेल्या गटापेक्षा, नलिका कमी प्रतीची पण वरची भरणी चांगली असलेला गट सरस निघाला, आणि यावरून वरचे झाकणच जास्त महत्त्वाचे असे अनेकजण म्हणू लागले. पुढे २००० मध्ये ट्रोन्स्टाड आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत नलिकेची गुणवत्ता अधिक निर्णायक ठरली. २०११ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच लागतात असे दिसले. माझा रोजचा अनुभव या शेवटच्या निष्कर्षाशी जुळतो. एक मात्र सांगायला हवे : आपल्याकडे नलिकेसाठी यंत्रे, फाइली (नलिका घासण्याची सुईसारखी साधने) आणि बैठका यांवर जेवढे लक्ष दिले जाते, त्याच्या निम्मेही वरच्या झाकणाकडे दिले जात नाही, आणि याला डॉक्टर आणि रुग्ण दोघेही जबाबदार असतात.

पहिली बैठक

भूल देऊन जुनी भरणी काढली. तिच्याखाली, नलिकांच्या तोंडांवर, कापसाचा एक बोळा निघाला. पहिल्या उपचारात दोन बैठकांच्या मध्ये तात्पुरत्या सिमेंटखाली ठेवलेला तो बोळा असावा. कायमची भरणी त्याच्यावरच बसवली गेली होती. चिमट्याने उचलला तेव्हा तो काळपट, ओला आणि बुळबुळीत होता आणि त्याचा वास मास्कमधूनही जाणवला. कापूस लाळ शोषतो, धरून ठेवतो आणि खाली नलिकेकडे पोचवतो. तुटलेल्या कडेपासून या बोळ्यापर्यंत कीड लागलेल्या मऊ डेंटिनचा (दाताच्या आतल्या थराचा) तपकिरी पट्टा सलग दिसत होता, आणि त्या खालचा गट्टापर्चा करडा पडून सहज कुस्करत होता. नवा संसर्ग वरून शिरला होता, याचा याहून सरळ पुरावा मिळणे कठीण.

सगळी कीड काढल्यावर पुढची भिंत हिरडीपर्यंत उरलीच नाही. येथे घाई केली असती तर चूक झाली असती. भिंत नसलेल्या दाढेवर रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) नीट बसत नाही, धुण्याचे द्रावण आत टिकत नाही आणि दोन बैठकांमधले तात्पुरते झाकण तीनच भिंतींवर टेकते. म्हणून आधी पट्टी लावून कंपोझिटची (दातरंगी रेझिनची) नवी भिंत उभारली आणि मगच डॅम लावला. रबर डॅम ही काही आधुनिक चैन नाही. न्यूयॉर्कचे दंतवैद्य बार्नम यांनी तो १८६४ मध्ये वापरात आणला. त्याच्याशिवाय केलेल्या रूट कॅनालमध्ये आपण एकीकडे जिवाणू धुऊन काढत असतो आणि दुसरीकडे लाळेतून नवे आत सोडत असतो. दाढेभोवतीच्या रबराच्या फटी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनने बुजवल्या आणि दाढ व रबराचा पृष्ठभाग हायपोक्लोराइट या जिवाणूनाशक द्रावणाने पुसून घेतला.

जुना गट्टापर्चा शक्यतो फिरत्या फाइलींनी काढला, द्रावक अगदी थेंबभर वापरले. जास्त वापरले की गट्टापर्चाचा पातळ थर भिंतींना लिंपला जातो आणि धुण्याचे द्रावण डेंटिनपर्यंत पोचत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली, भरलेल्या पुढच्या नलिकेपासून टाळूच्या दिशेने जाणारी फिकट रेघ अल्ट्रासोनिक टोकाने हळूहळू खोल करत गेले. दीड मिलिमीटर खाली गेल्यावरही छिद्र दिसेना. तेव्हा दाढेच्या पोकळीत हायपोक्लोराइट भरून थांबले. सुमारे अर्ध्या मिनिटाने त्या रेघेच्या एका ठिकाणाहून टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे एकामागून एक वर येऊ लागले. हायपोक्लोराइट मृत ऊतीला विरघळवू लागले की असे बुडबुडे सुटतात. नेमक्या त्याच जागी ८ क्रमांकाची फाइल टेकवली आणि ती आत गेली. तीन वर्षांपूर्वीच्या संसर्गाचा उरलेला साठा येथे होता. म्हणजे माझ्या दोन्ही शंका खऱ्या ठरल्या होत्या.

नलिकांना आकार देताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते. फाइल नलिकेच्या सगळ्या भिंतींना लागत नाही. पीटर्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वरच्या दाढांवर सूक्ष्म सीटीने केलेल्या अभ्यासात कोणत्याही पद्धतीने किमान ३५ टक्के पृष्ठभाग फाइलीच्या स्पर्शावाचून राहत होता. त्याशिवाय डेंटिनमध्ये नलिकेपासून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्या असतात. त्यांचा व्यास एक ते तीन मायक्रोमीटरच्या घरात, आणि एन्टेरोकॉकस फीकॅलिससारखा गोल जिवाणू त्याहून लहान. हा जिवाणू अपयशी रूट कॅनालमध्ये वारंवार सापडतो. उपासमार सहन करतो, नळ्यांत खोल शिरतो आणि दोन बैठकांच्या मध्ये नलिकेत भरल्या जाणाऱ्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र अल्कधर्मी वातावरणातही, पेशीतील प्रोटॉन पंपाच्या जोरावर, बराच काळ तग धरतो. फाइल जागा करून देते. जिवाणू मारण्याचे काम धुण्याच्या द्रावणाला करावे लागते. बाजूला छिद्र असलेली ३० गेजची सुई मुळाच्या टोकापासून २ मिलिमीटर अलीकडे ठेवून, नलिकेत कोठेही अडकू न देता, ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइट सावकाश सोडले. प्रत्येक नलिकेत अल्ट्रासोनिक टोकाने वीस-वीस सेकंदांच्या तीन फेऱ्यांत ते खळबळवले, प्रत्येक वेळी ताजे द्रावण घातले. भिंतींवरचा भुसभुशीत थर काढण्यासाठी १७ टक्के ईडीटीए एक मिनिट, आणि शेवटी पुन्हा हायपोक्लोराइट. क्लोरहेक्सिडीन वापरले नाही, कारण हायपोक्लोराइटचा अंश आत असताना ते घातले की तपकिरी साका बसतो आणि त्याने नळ्यांची तोंडे बुजतात.

एवढे करूनही नव्याने सापडलेल्या नलिकेतून कागदी काडी दर वेळी ओली येत होती. एका बैठकीत पूर्ण करावे की दोन, यावरच्या संशोधनात निकालांचा फारसा फरक दिसत नाही आणि शक्य तेव्हा मी एकाच बैठकीत संपवते. पण ओल्या नलिकेवर सीलर (गट्टापर्चाभोवतीच्या फटी बुजवणारा लेप) घट्ट बसत नाही. म्हणून कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरले, नलिकांच्या तोंडांवर कापसाऐवजी टेफ्लॉनची पातळ पट्टी ठेवली, वर तात्पुरते सिमेंट आणि त्यावर ग्लास आयनोमर (भरणीचे एक सिमेंट) घातले आणि चौदा दिवसांनी यायला सांगितले.

सत्तेचाळीस दिवस

बाई सत्तेचाळीस दिवसांनी आल्या. मधल्या काळात दिवाळीची सुट्टी होती, मग गावी आई आजारी पडल्या. दुसऱ्याच आठवड्यात पुळी पूर्ण बुजली होती. "पुळी गेली, वाटलं झालं काम," त्या मोकळेपणाने म्हणाल्या, आणि तीन वर्षांपूर्वीचेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा माझ्यासमोर आले.

तोंड तपासले तेव्हा ग्लास आयनोमरचा एक कोपरा उडालेला होता आणि खालचे सिमेंट त्या जागी खरवडताच भुगा होऊन निघाले. यात माझी चूक होती. तात्पुरत्या सिमेंटची जाडी किमान साडेतीन मिलिमीटर असावी लागते, हे प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जाते. त्या दिवशी शेवटी उशीर झाला होता. मी टेफ्लॉन जास्त घातले आणि सिमेंटला जेमतेम दोन मिलिमीटर जागा उरली. खालच्या दाढेचा चावा वरच्या थरावर कोठे पडतो, तेही निळ्या कागदाने तपासले नाही. चौदा दिवस ते कदाचित टिकले असते. पण माणसे चौदा दिवसांनीच येतील, हे गृहीत धरून झाकण बनवणे चूक होते. शिवाय निघताना मी त्यांना "पुळी जाईल" एवढेच सांगितले होते. पुळी गेल्यावरही आत काम अर्धेच झालेले असेल, हे स्पष्ट शब्दांत सांगितले नव्हते. रुग्णाने दुखण्यावरून उपचाराचे मोजमाप करणे स्वाभाविक आहे. ते मोजमाप येथे चालत नाही, हे पटवून देणे माझे काम होते.

भरणी फुटून लाळ नलिकेपर्यंत किती वेगाने पोचते, याची कल्पना प्रयोगशाळेतील कामावरून येते. तोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये पूर्ण भरलेल्या नलिकांची वरची तोंडे जिवाणूंच्या द्रावणात उघडी ठेवली, तेव्हा निम्म्याहून अधिक मुळांत एका प्रकारचे जिवाणू १९ दिवसांत आणि दुसऱ्या प्रकारचे ४२ दिवसांत टोकापर्यंत पोचले. प्रत्यक्ष तोंडातली परिस्थिती वेगळी असते, हे मान्य. पण त्या नलिका भरलेल्या होत्या आणि आमच्या नुसत्या औषधाने माखलेल्या. म्हणून पहिल्या बैठकीतले निर्जंतुकीकरण झालेच नाही असे धरून चाललो.

दुसरी बैठक

डॅम लावून सगळ्या चार नलिका पुन्हा पहिल्यापासून धुतल्या, तेवढाच वेळ देऊन. या वेळी कागदी काड्या चारही नलिकांतून कोरड्या आल्या. भरण्याआधी माझे आणि सहायिकेचे हातमोजे बदलले आणि ताज्या निर्जंतुक साधनांचा वेगळा ट्रे उघडला. गट्टापर्चाच्या काड्या ५.२५ टक्के हायपोक्लोराइटमध्ये एक मिनिट बुडवून, धुऊन, कोरड्या करून घेतल्या. डबी उघडल्यावर हाताळण्याने त्या दूषित होतात आणि उष्णतेने त्या निर्जंतुक करता येत नाहीत. ही कामे मिळून पाच मिनिटे घेतात आणि गर्दीच्या दिवशी सर्वांत आधी यांनाच फाटा मिळतो.

नलिका भरल्यावर गट्टापर्चा प्रत्येक तोंडाच्या दोन मिलिमीटर खालपर्यंत कापला आणि ती जागा रंगीत प्रवाही रेझिनने बुजवली. रंगीत अशासाठी, की उद्या कोणाला पुन्हा आत जावे लागले तर डेंटिन आणि भरणी यांतला फरक नजरेला कळावा. मग डॅम न काढता, त्याच बैठकीत, दाढेची पूर्ण पोकळी चिकटवलेल्या कंपोझिटने भरून टाकली. पुन्हा तात्पुरते काही ठेवायचे नाही, हे मी आधीच ठरवले होते. त्या दिवशी बाई घरी गेल्या तेव्हा लाळ आणि नलिका यांच्यामध्ये दोन पक्के थर होते, आणि त्या पुढच्या भेटीला दोन महिने उशिरा आल्या असत्या तरी ते तसेच राहिले असते.

कॅपचे बोलणे मी या वेळी उपचाराच्या शेवटी न करता आधीच केले होते. खर्च एकत्र सांगितला, दोन हप्त्यांत द्यायचा ठरवला आणि माप घेण्याची तारीख शाळेच्या वेळापत्रकात बसवून दिली. रूट कॅनाल झालेल्या दाढेच्या सुळक्यांवर आच्छादन नसेल तर ती चिरते किंवा तिची कड उघडते. २००४ मध्ये अमेरिकेत १४ लाखांहून अधिक दातांच्या विमा-नोंदी तपासल्या गेल्या; आठ वर्षांत ९७ टक्के दात टिकले होते आणि जे काढावे लागले, त्यांपैकी बहुतेकांवर पूर्ण आच्छादन नव्हते. बाईंच्या दाढेवर अकराव्या दिवशी कॅप बसली. तिची कड कंपोझिटवर न ठेवता त्याच्या खाली, दीड मिलिमीटरहून अधिक निरोगी दातावर टेकवली.

पाठपुरावा

सहा महिन्यांनी हिरडी स्वच्छ होती, पुळीची जागा एका फिकट ठिपक्यावरून ओळखू येत होती आणि एक्स-रेमधील काळसर छटा लहान झालेली होती. एक वर्षाने ती मुळाच्या टोकाशी बारीक पट्ट्याएवढी उरली. दोन वर्षांनी मुळाभोवतीची पांढरी रेषा सलग शोधता आली; फक्त अगदी टोकाला, जिथे सायनसचा तळ जवळ आहे, तिथे ती थोडी जाड दिसते. हे व्रण भरून आल्याचे चिन्ह असावे, पण एकाच चित्रावरून तसे ठामपणे लिहिणे योग्य होणार नाही. युरोपीय एंडोडॉन्टिक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा दाताकडे चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवायचे असते. पुढचा एक्स-रे त्याच होल्डरने, त्याच कोनातून काढायचा असल्यामुळे त्या मापाची नोंद बाईंच्या कार्डावर करून ठेवली आहे, आणि तारीख त्यांनी स्वतः आपल्या शाळेच्या डायरीत लिहून घेतली आहे.